खोली झाडली, कचरा माळ्यावर

दिवाळीआधी आमच्याकडे बैठकीची खोली लख्ख होते आणि माळा भरतो. नको असलेलं फेकायचं तर बाबांना विचारावं लागतं, भांडण होतं. वर ढकललं की प्रश्न मिटतो. सॉफ्टवेअरमध्ये हाच उद्योग बारा महिने चालतो आणि त्यासाठी पगार मिळतो. मी तो सहा वर्षं घेतला, त्यामुळे पुढचं सगळं आधी स्वतःला उद्देशून आहे.

मार्टिन फाउलरनं १९९९ साली रिफॅक्टरिंगवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं आहे: बाहेरून दिसणारं वागणं तसंच ठेवायचं आणि आतली रचना सुधारायची. यातला पहिला भाग आम्ही सोयीनं विसरतो.

शाळांची फी गोळा करणारं एक ॲप आम्ही रूबी ऑन रेल्समध्ये बनवलं होतं. फीचं मॉडेल फुगत फुगत चौदाशे ओळींचं झालं. मग ठरलं, सर्व्हिस ऑब्जेक्ट करू. म्हणजे काय, तर मॉडेलमधलं एकेक काम उचलून वेगळ्या क्लासमध्ये ठेवायचं. क्लासची नावं क्रियापदं झाली: फी आकार, दंड लाव, पावती पाठव. प्रत्येकाच्या पोटात एकच मेथड, कॉल. फोल्डर उघडला की मराठी व्याकरणाचं पुस्तक उघडल्यासारखं वाटायचं, आज्ञार्थाचा धडा. रिव्ह्यूमध्ये टाळ्या वाजवणाऱ्या इमोजींचा पाऊस पडला.

ॲडमिन पॅनलमध्ये एक चेकबॉक्स होता: ‘उशीर झाल्यास दंड आपोआप लावा’. जुन्या कोडमध्ये शाळेनं ती सेटिंग कधी जतनच केली नसेल, तर उत्तर ‘नाही’ असं धरलं जायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. एका इफच्या वळणात ते आपोआप घडत होतं. नव्या क्लासमध्ये मी नीटनेटकेपणानं मूळ किंमत लिहिली: ‘हो’. टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण प्रत्येक टेस्टमध्ये सेटिंग आधी मुद्दाम भरलेली होती. कोरी सेटिंग असलेली शाळा आमच्या टेस्टमध्ये नव्हतीच. प्रत्यक्षात मात्र त्या पानावर कधीच न गेलेल्या शाळाच जास्त होत्या.

रात्री दंडाचे मेसेज गेले. सकाळी शिव्या कोणी खाल्ल्या? फी खिडकीवरच्या क्लार्कताईंनी. रोजंदारी बुडवून आलेल्या एका बापाला त्या सांगत होत्या, “सिस्टीमनं लावलाय, दादा, मी नाही.” तो बिचारा सिस्टीमला शोधायला कुठे जाणार होता?

हे आमच्याच गल्लीतलं अज्ञान होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीबद्दल तिथल्या रोखे नियामकानं २०१३ साली काढलेला आदेश वाचा. २००३ नंतर वापरात नसलेला कोड त्यांनी काढला नाही. ऑर्डर पुरी झाली की थांबायचं, हे मोजणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला आणि जुना कोड पुन्हा तपासला नाही. २०१२ मध्ये नव्या कामासाठी तोच जुना फ्लॅग वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नाही. १ ऑगस्टला तिथे तो मेलेला कोड उठून बसला. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. कोड हलवण्याची मेहनत तिथेही झालीच होती. काढून टाकण्याची झाली नाही.

माझा राग सर्व्हिस ऑब्जेक्टवर नाही. पेमेंट गेटवे, डेटाबेस आणि एसएमएस ही तिन्ही कामं एका व्यवहारात गुंफलेली असतील तर त्याला स्वतंत्र घर द्यावंच. फक्त त्या घरानं आत बसून चोरून सेटिंग वाचू नये. बोलावणाऱ्यानं ती हातात द्यावी, म्हणजे कोणत्या अटीवर काम होतंय ते दारातच दिसेल. राग आहे तो जागा बदलण्यालाच काम समजण्यावर. आमच्या पॅनलमध्ये ४० चेकबॉक्स होते. प्रत्येकाच्या दोन अवस्था, म्हणजे एक लाख कोटीहून जास्त जोड्या. टेस्ट आम्ही किती लिहिल्या, ते सांगायची लाज वाटते.

“पण ग्राहक मागतात ना!” हा हुकमी एक्का. काही मागण्या खऱ्याच असतात. कुठल्या शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, कुठल्या जूनला; तिथे सेटिंग हवीच. पण आमचे निम्मे चेकबॉक्स मीटिंगमध्ये दोघांचं न जुळल्यानं जन्माला आले होते. सेल्सला एक हवं, सपोर्टला दुसरं, मॅनेजरला जेवायला जायचं. मग “कॉन्फिगरेबल ठेवू” म्हणून सगळे उठले. न घेतलेला निर्णय आम्ही क्लार्कताईंच्या पानावर टाकला आणि त्याला लवचीकता असं गोंडस नाव दिलं.

म्हणून रिफॅक्टरिंगच्या प्रस्तावावर मी हल्ली आधी एक क्वेरी मागतो: कुठल्या सेटिंगची कुठली किंमत किती ग्राहकांकडे आहे, आणि किती जणांकडे ती कोरी आहे. सगळीकडे एकच किंमत असेल तर चेकबॉक्स काढा, त्यामागचा इफ काढा, आणि मग उरलेल्या कोडला क्लास लागतो का ते बघा. बऱ्याचदा लागत नाही. यात कौतुक कमी मिळतं, कारण डेमोमध्ये दाखवायला काही उरत नाही. उलट तीन माणसांना फोन करून “हे बंद करतोय, चालेल का?” असं विचारावं लागतं. प्रोग्रामरला फोनपेक्षा चौदा नवे क्लास सोपे वाटतात, मलाही वाटायचे.

दंड आम्ही दोन दिवसांत परत केला. त्या चेकबॉक्सचं काय करायचं यावर मीटिंगही झाली. तो आता ‘प्रगत’ नावाच्या टॅबमध्ये आहे.