धुतलेली गाडी आणि तपासलेली गाडी

आपल्या शाळेत बुटाच्या टोकात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत पॉलिश घासणारे कॅडेट कितीतरी आहेत. पण मोटारीचे बॉनेट उघडून डिपस्टिक कोणी कोणी स्वतः ओढून पाहिली आहे, असे मी आमच्या हाऊसमध्ये विचारले तेव्हा वर आलेले हात एका हाताच्या बोटांवर मोजता आले. त्यांतल्या एकाच्या वडिलांचे गॅरेज आहे, म्हणजे तो धरायचाच नाही.

शनिवारी सकाळी आपण ग्राउंडवर ड्रिल करत असतो, त्याच वेळी मागच्या बाजूला एमटीची मेंटेनन्स परेड चालू असते. बस, ॲम्ब्युलन्स आणि जिप्सी बॉनेट उघडून रांगेत उभ्या असतात. नववी-दहावीच्या कॅडेटना महिन्यातून एकदा ड्रिलऐवजी त्या परेडला उभे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी हाऊसमध्ये मांडले तेव्हा हसू झाले. "आपण ऑफिसर व्हायला आलोय, मेकॅनिक व्हायला नाही," असे एक सिनियर म्हणाले. त्यांना मान देऊनच हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्या परेडला दुरुस्ती होतच नाही. दुरुस्तीची वेळ येऊ नये म्हणून ती परेड असते. सैन्यात गाडी निघण्यापूर्वी फर्स्ट पॅरेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड आणि परत आल्यावर लास्ट परेड होते. फर्स्ट परेडला तेल, पाणी, हवा, दिवे आणि ब्रेक पाहतात. हॉल्टला ड्रायव्हर गाडीभोवती फेरी मारतो, चाकांच्या हबला हात लावून एखादे जास्त तापले आहे का ते बघतो, गाडीखाली तेल ठिबकले आहे का ते वाकून बघतो. परत आल्यावर टाकी भरून ठेवायची आणि वाटेत जाणवलेली खोड लिहून द्यायची. भारतीय सैन्याकडे गाड्या दुरुस्त करण्यासाठी १९४३ पासून ईएमई ही स्वतंत्र कोअर आहे. सिकंदराबाद, भोपाळ आणि वडोदऱ्यात तिचे शिक्षण चालते. एवढे शिकलेले लोक हाताशी असूनही रोजची तपासणी त्यांच्यावर सोपवलेली नाही. ती चालवणाऱ्याचीच. कारण आवाज बदलला, ब्रेकचे पेडल थोडे खाली गेले, स्टेअरिंग एका बाजूला ओढू लागले, हे आधी त्यालाच कळते.

आपल्या घरच्या गाड्यांचे नेमके उलटे असते. त्यांना वर्षातून एकदा वर्कशॉपमध्ये सोडतो आणि बाकीचे दिवस फक्त धुतो. धुण्याला माझा विरोध नाही. पण धुतलेली गाडी पाहून सगळ्यांना वाटते की गाडीची काळजी घेतली जात आहे, आणि तिथेच फसगत होते.

माझ्या घरचे सांगतो. बाबा फील्डला आहेत, मी इथे डोंगरात, आणि साताऱ्याला घरी आई, आजी-आजोबा. गाडी आई चालवते. आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. डायलिसिसची वेळ ठरलेली असते, उशीर झाला तर पुढच्या रुग्णाचाही खोळंबा होतो. गेल्या डिसेंबरात एका पहाटे गाडीने किल्लीला नुसते 'टक्' केले आणि गप्प बसली. शेजारच्या काकांची रिक्षा मिळाली म्हणून निभावले. बॅटरी चार वर्षांची होती आणि तिच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साचलेली होती. अशी भुकटी एका रात्रीत साचत नाही, महिने लागतात. पण सर्व्हिसिंग एप्रिलमध्ये होते, म्हणून तोपर्यंत बॉनेट उघडायचे कोणाच्या डोक्यात आलेच नाही. ते साफ करायला कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि वरून लावायला थोडी पेट्रोलियम जेली एवढेच लागते. वायर काढायची असेल तर आधी निगेटिव्ह काढायची, लावताना शेवटी निगेटिव्ह. आमच्या एमटीच्या उस्तादांनी हे मला पाच मिनिटांत दाखवले.

"आमची गाडी फार फिरतच नाही" असे पालक अभिमानाने सांगतात. उभी गाडीही खराब होत असते. आईची गाडी घर, बाजार आणि हॉस्पिटल एवढीच फिरते. प्रत्येक फेरी चार-पाच किलोमीटरची. एवढ्यात इंजिन नीट तापतही नाही, बॅटरी पूर्ण भरत नाही, आणि तेलात जमलेली वाफ बाहेर पडत नाही. म्हणूनच पुष्कळ पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइलबद्दल '१० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते' असे लिहिलेले असते. लोक पहिला अर्धा भाग वाचतात. शिवाय उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. हे मात्र कोणत्याच मॅन्युअलमध्ये मला सापडले नाही.

टायरबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण इथे प्रश्न खर्चाचा नसून जिवाचा आहे. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटर वेगाची परवानगी आहे आणि तिथे टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून टायरमध्ये हवा कमी ठेवावी. हा समज धोक्याचा आहे. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त दबते आणि पुन्हा ताठ होते. एखादी तार सारखी वाकवली की ती गरम होते, तसेच हे. वेग जितका जास्त तितकी उष्णता जास्त, आणि शेवटी टायरचे थर सुटू लागतात. म्हणजे फुटू नये म्हणून हवा कमी केलेला टायरच फुटायला जवळ आलेला असतो.

किती हवा भरायची हे पंपावरच्या मुलाला विचारू नये. तो सगळ्यांना बत्तीसच सांगतो. बहुतेक गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर दोन आकडे असतात, एक नेहमीसाठी आणि एक गाडी भरलेली असताना. दिवाळीला पाच माणसे आणि फराळाचे डबे घेऊन गावी निघताना दुसरा आकडा लागू होतो. हवा टायर थंड असताना मोजायची, म्हणजे सकाळी आणि जवळच्या पंपावर. नायट्रोजन भरला म्हणून महिनोन्महिने बघायला नको, असेही काही जण म्हणतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो हे आपण शाळेत शिकलोच आहोत.

टायरचे वयही बघावे लागते. त्याच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी चांगली असूनही रबर म्हातारे झालेले असू शकते, बाजूला बारीक भेगा दिसतात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. ते ओळखायला नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे ठेवलेले असतात, रबर झिजून त्यांना टेकले की बदलायचा. आणि स्टेपनी! मी सुट्टीत घरी आणि आमच्या गल्लीत मिळून चार गाड्यांच्या स्टेपन्या तपासल्या. तिघींमध्ये जेमतेम हवा होती. वाटेत पंक्चर झाल्यावर अशी स्टेपनी काढून काय करणार?

कूलंटच्या बाबतीत साताऱ्याचे आणि इथले चित्र वेगळे आहे. इथे जानेवारीत पाणी गोठते, म्हणून एमटीमध्ये कूलंटचे प्रमाण काटेकोर असते. साताऱ्यात गोठण्याची भीती नाही, म्हणून सर्रास नळाचे पाणी ओततात. पण कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवते आणि आतला गंज रोखते. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतात, जसे गिझरच्या कॉइलवर जमतात. पातळी बाहेरच्या टाकीवर 'मिन' आणि 'मॅक्स'च्या मध्ये दिसते, झाकण उघडावेच लागत नाही. गरम इंजिनाचे झाकण तर कधीच उघडू नये, तो शिटी न काढता उघडलेला कुकर आहे. ब्रेक ऑइलचेही असेच. ते हवेतली ओल शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरताना ब्रेक तापतात आणि जुन्या ब्रेक ऑइलमधले पाणी उकळले, तर पाय पेडलवर असूनही गाडी थांबत नाही.

यावर एक चांगला आक्षेप आमच्या फिजिक्सच्या सरांनी घेतला. ते म्हणाले, आता गाडीच सांगते, डॅशबोर्डवर दिवे असतात, मग हे सगळे कशाला? दिवे असतात हे खरे. पण लाल तेलाचा दिवा, ज्यावर जुन्या दिव्यासारखी किटली असते, तो तेलाचा दाब सांगतो. पातळी सांगत नाही. तो चालत्या गाडीत लागला म्हणजे इंजिनाला तेल पोहोचणे कमी झालेच आहे, तेव्हा तिथेच थांबून इंजिन बंद करायचे. डिपस्टिक तीच गोष्ट पंधरा दिवस आधी सांगते. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबायचे, काढा, पुसा, घाला, पुन्हा काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. काळे दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही, दुधाळ दिसले तर मात्र गाडी सुरूही करू नये.

दुसरी बाजूही सांगतो. काळजी घ्यायची म्हणजे वर्कशॉपवाला जे सुचवेल त्याला मान हलवायची असे नाही. आईला एका ठिकाणी इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग आणि अंडरबॉडी कोटिंग एकाच वेळी सुचवले गेले होते. तिने शांतपणे ग्लोव्ह बॉक्समधले मॅन्युअल काढले आणि "यात हे कुठे लिहिलंय ते दाखवा" म्हणाली. बिल जवळजवळ निम्मे झाले. गाडीचे काम पुरुषांचे, असे आमच्या घरातही होते. डिसेंबरच्या त्या पहाटेनंतर मी सुट्टीत आईबरोबर एक दोनशेपानी वही केली आहे. तारीख, किलोमीटर, हवा, तेल, कूलंट, बॅटरी, शेरा. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती स्वतः भरते आणि फोनवर मला वाचून दाखवते. आमच्या दहा मिनिटांच्या फोनमधली तीन मिनिटे त्यात जातात, म्हणून मी कुरकुरतो, पण ऐकतो. फौजी घरांत बाबा वर्षातले बरेच महिने नसतात. पालकांपैकी ज्या आया हे वाचत असतील त्यांनी बॉनेटचा खटका कुठे आहे एवढे तरी आजच शोधून ठेवावे.

आता ॲडम ऑफिसर सरांना विनंती. लायसन्सला १८ वर्षे पूर्ण लागतात, पण डिपस्टिक पुसायला वयाची अट नाही. एका वेळी आठ कॅडेट पुरेत, त्याहून जास्त असले तर मागचे नुसते उभे राहतील. इंजिन सुरू करणे, जॅक लावणे आणि गाडीखाली जाणे उस्तादांकडेच राहील. मी त्यांना विचारले आहे, त्यांची हरकत नाही. त्यांची एकच अट आहे, कडक इस्त्रीच्या ड्रेसमध्ये कोणी यायचे नाही, जुना पीटी किट घालून यायचे आणि हातपुसणे स्वतःचे आणायचे.