हृदयाची गोळी आणि आतड्यातील जीवाणू

हृदयाच्या काही रुग्णांना वर्षानुवर्षे घ्यावे लागणारे डिगॉक्सिन हे औषध फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीच्या कुळातले. इंग्लंडचे वैद्य विल्यम विदरिंग यांनी तिच्या औषधी उपयोगावर १७८५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. या औषधाची मात्रा सोनाराच्या काट्यावर तोलावी इतकी नाजूक असते. कमी पडली तर गुण येत नाही. किंचित अधिक झाली तर मळमळ, अन्नावरची वासना उडणे, दृष्टीला पिवळसर झाक येणे आणि पुढे ठोक्यांत जीवघेणी अनियमितता.

तरीही समान मात्रा घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात औषध फारच कमी आढळे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जॉन लिंडेनबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये याचे एक कारण दाखवून दिले. दर १० रुग्णांपैकी सुमारे एकाच्या आतड्यातील जीवाणू या औषधाचा मोठा भाग निष्क्रिय करून टाकतात. अशा व्यक्तींना एरिथ्रोमायसिन वा टेट्रासायक्लिन ही प्रतिजैविके दिल्यावर जीवाणूंचे हे काम मंदावले आणि रक्तातील डिगॉक्सिनची पातळी काहींमध्ये दुपटीपर्यंत चढली. गोळी तीच, मात्रा तीच!

घरातील ज्येष्ठांना जपावे लागते ते याच ठिकाणी. खोकला झाला म्हणून मागच्या वेळच्या उरलेल्या कॅप्सूल घेणे, किंवा दुकान सोडवत नाही म्हणून औषधविक्रेत्याकडून परस्पर पाकीट मागवणे, हे व्यापारी कुटुंबांत सर्रास घडते. डिगॉक्सिन घेणाऱ्याला ते महागात पडू शकते. त्यातच एरिथ्रोमायसिनच्या वर्गातील क्लॅरिथ्रोमायसिन शरीरातून डिगॉक्सिन बाहेर टाकणाऱ्या प्रथिनालाही अडवते, म्हणजे धोका केवळ जीवाणूंमुळेच नाही. वयोमानाने मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर तो आणखी वाढतो.

औषध निष्क्रिय करणाऱ्या जीवाणूचे आजचे नाव एगरथेला लेंटा. तो आतड्यात असला की औषध वाया जातेच, असे मात्र नाही. त्याच्या काही वाणांतच त्यासाठी लागणारी जनुके असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. आर्जिनिन या अमिनो आम्लाने ही क्रिया रोखली जाते, आणि प्रथिनयुक्त आहार दिलेल्या उंदरांच्या रक्तात औषध अधिक टिकले, असेही त्यात दिसले. तीळ, शेंगदाणे व डाळी यांत आर्जिनिन भरपूर असते खरे. परंतु उंदरांवरील प्रयोगावरून घरी आहार किंवा मात्रा बदलण्याचे धाडस कोणी करू नये.

प्रतिजैविक खरोखर आवश्यक असेल तर ते घ्यावेच, मात्र लिहून देणाऱ्या डॉक्टरांपुढे चालू औषधांची यादी आधी ठेवावी. डिगॉक्सिनची पातळी रक्ततपासणीने मोजता येते. त्या दिवसांत मळमळ, पिवळसर दिसणे वा नाडी मंदावणे जाणवले, तर दुकान बंद होण्याची वाट न पाहता त्याच वेळी डॉक्टरांना गाठावे.