पेन्शन सुरू झाली, आता पुढे?

मैत्रिणींनो, घरातला माणूस निवृत्त झाला की आपण शाल-श्रीफळाचे फोटो काढतो, चार माणसांना जेवायला बोलावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांना कुठेच जायचं नसतं. डबा नको, कपड्यांना इस्त्री नको. खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

आमच्या दिवेआगरच्या घरी तर शालसुद्धा आली नाही. मामंजी प्राथमिक शिक्षक. ३१ मे २०२० ला निवृत्त झाले, ते टाळेबंदीत. निरोप समारंभ नाहीच. आणि तिसऱ्याच दिवशी, ३ जूनला, निसर्ग वादळ आलं. पाठची वाडी आडवी झाली. सुपारीचं रोप लावलं की फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे हातची शाळा गेली होती आणि विरंगुळ्याची वाडीही गेली. मामंजी ओटीवर बसून राहू लागले. चहा थंड झाला म्हणून चिडत, मुलांनी दार आपटलं म्हणून चिडत.

शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा शेजारचा चौथीतला मुलगा पुस्तक घेऊन आला. त्याला जोडाक्षर वाचता येईना. मामंजींनी त्याला रोज बोलावलं. महिनाभरात ओटीवर पंधरा मुलं झाली. मामंजींची चिडचिड थांबली. बरं झालं म्हणायचं ना?

पण माझी सकाळची अर्धवेळ शाळा. दुपारी दमून घरी यावं तर दारात पंधरा जोड चपला, ओटीभर चिखल, पाण्याचा हंडा रिकामा. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई मुलांसाठी सरबत ढवळत उभ्या. एके दिवशी कळलं, वह्या आणायच्या म्हणून त्यांची गुडघ्याची औषधं ‘पुढच्या महिन्यात’ गेली होती. माझा तोल गेला. नको ते बोलले. मामंजी गप्प उठून आत गेले. सासूबाई मला म्हणाल्या, “त्यांना नाही म्हणू नकोस गं. पण मला कुणी विचारलं का?”

त्या प्रश्नाने मला बाया कर्वे आठवल्या.

महर्षी अण्णासाहेब कर्वे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. बाणकोटच्या खाडीपलीकडचं, दापोलीजवळचं मुरूड हे त्यांचं गाव. आपलं जंजिऱ्याचं मुरूड नव्हे. १८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा वय ५६. हिंगण्याचा आश्रम आधीच उभा होता. दुसरा कुणी म्हणाला असता, आता पुरे. अण्णांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. सत्तरी ओलांडल्यावर त्याच्या मदतीसाठी ते युरोप, अमेरिका, जपान फिरून आले. विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून मुरूडकरांनी त्यांना एके काळी वाळीत टाकलं होतं. पण खेड्यांवर त्यांनी राग धरला नाही. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, १९६२ मध्ये ते गेले. निवृत्तीनंतर ४८ वर्षं!

आता आपल्या बाजूने बघा. अण्णांनी विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेला देऊन टाकली. त्या घरात उद्याची काळजी कुणाला पडली असेल? आनंदीबाई म्हणजे बाया स्वतः बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. १८९३ मध्ये त्यांचं अण्णांशी लग्न झालं. आश्रमासाठी वर्गणी गोळा करायला त्याही फिरल्या आणि ओढग्रस्तीचा संसारही त्यांनीच रेटला. त्यांचं ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणून त्यांची बाजू आपल्याला कळते. समाजसेवा करणाऱ्या माणसाच्या घरी चूल कुणीतरी पेटती ठेवतं, ते नाव सत्काराच्या पत्रिकेत छापत नाहीत.

म्हणून मी मामंजींचा वर्ग बंद करा म्हटलं नाही. रविवारी सगळे एकत्र बसलो आणि ठरवलं. तुमच्या घरी असा प्रसंग असेल तर उपयोगी पडेल:

एक, वेळ ठरलेली हवी. आमच्याकडे संध्याकाळी पाच ते साडेसहा. दुपारची झोप सासूबाईंची.

दोन, पेन्शन आली की आधी औषधं आणि किराणा बाजूला काढायचा. उरलेल्यातून ठरावीक रक्कम वह्यांसाठी, आणि तिचा हिशेब वहीत लिहायचा.

तीन, पाण्याची बाटली मुलांनी आपापली आणायची. चहा-सरबत फक्त सणाला.

चार, ओटी झाडायची ती मुलांनी आणि मास्तरांनी. पहिल्या दिवशी मामंजींच्या हातात केरसुणी बघून सासूबाई पदराआड हसल्या.

पाच, घरच्या बाईला काय आवडतं तेही विचारायचं. सासूबाई जुनी सातवी शिकलेल्या. आता शनिवारी त्या मुलांना गोष्ट वाचून दाखवतात, खुर्चीवर बसून.

जिल्हा परिषदेचे शिक्षक आज ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. हात-पाय चालत असतात, डोकं चालत असतं. त्यांना ओटीवर गंजू देऊ नका. पण काम सुरू होण्याआधी घरात एकदा बसून बोला. मी ते आधी केलं असतं तर मामंजींना त्या दिवशी खाली मान घालून आत जावं लागलं नसतं. माफी मागितली मी, तरी ती खालची मान अजून आठवते.

तुमच्याकडच्या निवृत्त मंडळींनी काय सुरू केलंय, आणि तुम्ही ते कसं निभावलंत? जरूर कळवा.