जुना रंग खरवडताना

माझी धाकटी बहीण अमेरिकेत ओहायो नदीकाठच्या मॅडिसन गावी राहते. गाव १८०९ सालचं. तिचं लाकडी घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, नक्षीदार व्हरांड्याचं. यंदा घराला रंग द्यायला घेतलाय. परवा फोनवर म्हणाली, "अक्का, रंग निवडायला दोन दिवस लागले, जुना खरवडायला दोन महिने!"

मी हसले, पण कारण ऐकून गप्प झाले. त्या काळच्या तेलरंगात शिसं असे. रंग टिके तो त्यामुळेच. तिथं घरगुती रंगात शिसं घालायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीचा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ उडते. रांगतं मूल तीच बोटं तोंडात घालतं आणि त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून खाली प्लॅस्टिक अंथरायचं, पाणी मारायचं आणि हळूहळू खरवडायचं.

आपल्याकडे २०१७ पासून नव्या रंगात दहा लाखांत ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही. पण दारं-खिडक्यांवरचे जुने थर कुठं गेलेत?

दुसऱ्याच दिवशी आमच्या बेळगावच्या घरी रंगारी आजोबांच्या वेळचा दरवाजा कोरडाच घासत होता. "हळे बण्ण भाळ गट्टी ऐत्री, बाई," तो कौतुकानं म्हणाला. उंबऱ्याशी त्याची चिमुरडी धुळीत रेघोट्या ओढत होती.

तिला आत नेऊन साबणानं हात धुतले. त्याला बादलीभर पाणी आणि वॉटर पेपर दिला. काम दोन दिवस लांबलं. लांबू दे.