थेंब वाकडा, तर नफा वाकडा: प्रिंटर घेताना स्पीडच्या आधी हे विचारा



लेबल, आयडी कार्ड, लग्नपत्रिका, फोटो यांचा छोटा छपाई व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. स्पीड किती? आणि एका पानाला शाईचा खर्च किती? माझं मत आहे की चंद्रपूर-गडचिरोलीत दुकान टाकणाऱ्याने याच्या आधी तिसरा प्रश्न विचारावा: नोझल बिघडलं तर ते या मशीनला स्वतःला कळतं का?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते आधी समजून घेऊ.

इंकजेटच्या हेडला केसापेक्षा बारीक छिद्रं असतात, तीच नोझल. नोझल पूर्ण बंद पडलं तर पांढरी रेघ येते आणि लगेच दिसते. पण छिद्राच्या कडेला शाई वाळली किंवा धुळीचा कण चिकटला, की थेंब पडतो तर खरा, पण तिरपा पडतो. रंग सगळे दिसतात, फोटोही बरा दिसतो. बिघडतं ते बारीक अक्षर.

साधा हिशोब करा. थेंब फक्त १ अंशाने तिरपा गेला आणि हेड कागदापासून १ मिमी वर असलं, तर तो साधारण ०.०१७ मिमी सरकतो. तेच हेड ३ मिमी वर असलं तर ०.०५ मिमी. ६०० डीपीआयला दोन ठिपक्यांतलं अंतरच ०.०४२ मिमी असतं. म्हणजे थेंब थेट शेजाऱ्याच्या घरात! मग एफएसएसएआयच्या १४ अंकी परवाना क्रमांकातला ३ हा ८ सारखा दिसायला लागतो.

आता पैशाकडे या. समजा, बचत गटाच्या मधाची १,००० लेबलं, २ रुपयाला एक. बिल २,०००. शाई-कागदाचे ९०० गेले, हाती ११००. लेबलं परत छापून द्यावी लागली की आणखी ९०० गेले. हाती राहिले २००. त्यातच वीजबिल आणि तुमची मेहनत. गिऱ्हाईक पुढच्या वेळी येईल का, हा प्रश्न वेगळाच.

मोठ्या कंपन्यांनी यावर प्रकाशाचा उपाय काढला. हेडच्या खाली एका बाजूने प्रकाशाचा बारीक झोत सोडतात, दुसऱ्या बाजूला सेन्सर. एकेका नोझलमधून थेंब सोडायचा. तो झोतातून गेला की सेन्सरवर क्षणभर सावली पडते. सावली पडली नाही तर थेंब आलाच नाही किंवा झोत चुकवून गेला. काही मशीन सावलीऐवजी थेंबावरून परत फिरलेला प्रकाश पकडतात. एचपीच्या २०१३ च्या ऑफिसजेट प्रो एक्स मालिकेत असं तंत्र होतं. तिचं हेड पानाच्या रुंदीएवढं, जागेवर स्थिर, आणि त्यात ४२,२४० नोझल. कागद एकदाच खालून जातो, म्हणून एक नोझल बिघडलं तर रेघ पानभर उमटते. मशीन ते नोझल ओळखून त्याचं काम दुसऱ्या नोझलला देतं.

पण सेल्समन ‘सेन्सर आहे, टेन्शन नाही’ म्हणाला तर मान डोलावू नका. थेंब थोडाच तिरपा असेल तर तो झोतातून जातो आणि ‘पास’ होतो. तसा बारीक तिरपेपणा पकडायला छापलेला नमुनाच वाचावा लागतो. काही मशीन तो स्वतःच्या सेन्सरने वाचतात, बाकी ठिकाणी तुम्हालाच वाचायचा आहे. शिवाय सेन्सरवर धूळ बसली तर तोही आंधळा होतो.

आणि धूळ आपल्याकडे कमी आहे का? बल्लारपूर, राजुरा, घुग्घुसकडे कोळसा, सिमेंट, वरून वीज केंद्राची राख. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, शाई छिद्रावरच वाळते. उकाडा म्हणून आपण कूलर लावतो. कूलरच्या ओल्या हवेने कागद फुगतो, हेडला घासतो, म्हणून आपण हेड वर उचलतो. हेड वर गेलं की तिरपेपणा वाढला. वरचा हिशोब आठवा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. मग नागपूरचा इंजिनिअर येणार कसा?

म्हणून माझा सल्ला असा. रोल मशीन घेत असाल आणि दोन मशीनमध्ये निवड असेल, तर जास्त स्पीडवाल्यापेक्षा नोझल तपासून भरपाई करणारं मशीन घ्या. काही जण म्हणतील, सुरुवातीला एवढं बजेट कुठून आणायचं? बरोबर आहे. इंक टँकच्या साध्या प्रिंटरवर सुरुवात करणाऱ्याने त्यासाठी कर्ज काढू नये. त्याने स्वतः सेन्सर व्हावं:

१. रोज सकाळी पहिल्या ऑर्डरआधी नोझल चेक छापा. तुटलेली रेघ तर बघाच, पण सरकलेली, वाकडी रेघही १० पट भिंगाने बघा.

२. तारीख टाकून तो कागद फाईलला लावा. एकच रेघ रोज वाकडी दिसली तर बिघाड वाढायच्या आधीच कळेल.

३. हेड क्लीनिंग दोन-तीनदाच करा. दर वेळी शाई वेस्ट पॅडमध्ये जाते. फरक पडला नाही तर काही तास थांबून परत बघा.

४. कूलरची हवा मशीनवर नको. कागद बंद पिशवीत ठेवा. हेड कागदाला घासणार नाही इतपतच वर ठेवा.

५. लेबलच्या ऑर्डरमध्ये आधी एक प्रत छापा, सगळ्यात बारीक ओळ वाचा, क्यूआर मोबाईलने स्कॅन करा. मगच बाकीची.

याला दिवसाची दहा मिनिटं लागतात. आरमोरीत काय किंवा अहेरीत काय, गिऱ्हाईक तुमचं मशीन बघायला येत नाही, त्याला त्याचा नंबर नीट वाचता आला पाहिजे. डेमो बघायला जाल तेव्हा रंगीत फोटो बाजूला ठेवा आणि सांगा, “साहेब, सगळ्यात बारीक अक्षर छापून दाखवा.” मशीनची खरी किंमत तिथे कळते.