सर्वांत दुबळ्याचा हिशेब

माझं माहेर पेणचं, सासर आणि शाळा रोह्याची. सुट्टीच्या दिवशी गाडी पकडून मी अब्बांना भेटायला पेणला जाते. घरामागे आमची आंब्याची वाडी आहे, जरा चढावर. अब्बांचं वय 76. गुडघ्यांमुळे दोन वर्षं त्यांना वाडीच्या वरच्या टोकाला जाता आलं नव्हतं. तिथली कलमं त्यांनी स्वतःच्या हातांनी लावलेली.

भाचा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. त्याने भंगारातून एक जुनी पेट्रोलची गोल्फ कार्ट आणली. रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना फिरवतात तसली. इंजिन निकामी, पण सांगाडा आणि स्टीअरिंग धड होतं. म्हणाला, "फुफी, नवी घ्यायची तर लाखांत जाते. ही मी विजेवर करतो. दादा परत वाडीत फिरतील."

मोडीत निघालेल्या एका ई-रिक्षाची मोटर, मागचा आस आणि कंट्रोलर 9 हजारांत मिळाला. वेल्डिंगला 4 हजार, वायर-फ्यूज-स्विचला साडेतीन आणि चार्जरला साडेतीन. 20 हजारांत गाडी उभी राहिली. उरल्या बॅटऱ्या. 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडल्या की 48 व्होल्ट होतात. नव्या चारचा भाव 34 हजार. इथे आम्ही काटकसर केली. रोह्यातून जुन्या चार 10 हजारांत आणल्या, कुठली एक वर्षाची, कुठली तीन वर्षांची.

चौथ्या दिवशी अस्रनंतर अब्बा वाडीत गेले आणि गाडी ऐन चढावर थांबली. थांबली एवढंच नाही, हळूहळू मागे सरकू लागली. जुना ब्रेक एवढं वजन पेलत नव्हता. भाच्याने धावत जाऊन चाकाखाली दगड लावला. अल्लाहने वाचवलं. अब्बा मात्र शांतपणे म्हणाले, "आपला बैल थकला की आधी सांगायचा."

कारण मी दरवर्षी वर्गात शिकवते तेच निघालं. एकसर जोडणीत चारही बॅटऱ्यांतून सारखीच वीज वाहते. त्यातली सर्वांत जुनी आधी रिकामी होते. बाकीच्या तिघी तिच्यातूनच वीज रेटत राहतात आणि ती कायमची खराब होते. तीन चांगल्या असून उपयोग नाही. गाडीची धाव ठरते ती सर्वांत दुबळ्या बॅटरीवर.

मला जमातीची नमाज आठवली. मागे म्हातारे, आजारी, दुबळे उभे असतात, म्हणून इमामाने नमाज हलकी ठेवावी, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. चाल ठरवायची ती सर्वांत दुबळ्याकडे पाहून. आम्ही मात्र अब्बांसाठी गाडी करताना नेमकं तेच विसरलो.

मग एकाच कंपनीच्या, एकाच वेळच्या चार नव्या बॅटऱ्या घेतल्या. त्याआधी ब्रेक नवे केले, कारण बॅटऱ्यांचंच वजन शंभर किलोच्या वर जातं. जुन्यांचे पैसे बहुतेक पाण्यात गेले. आता एका चार्जिंगला साधारण तीन-साडेतीन युनिट लागतात.

कोणाच्या घरी असा विचार असेल तर थोडं ध्यानात ठेवा. काटकसर सांगाड्यात करा, मोटरीत करा. ब्रेक, वायर आणि फ्यूजमध्ये नको. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. बॅटरी अर्ध्याहून जास्त उतरू देऊ नका, म्हणजे ती जास्त टिकते. अशा बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेत, चूल-विडीपासून दूर. आणि अशी घरी जोडलेली गाडी वाडीतच ठेवा. आरटीओची नोंदणी नसताना ती रस्त्यावर आणणं गुन्हा आहे.

आपल्याच जिल्ह्यात माथेरानला माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा चालत आली. निवृत्त शिक्षक सुनील शिंदे यांनी ई-रिक्षासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. तिथेही प्रश्न यंत्राचा कमी आणि दम लागलेल्या माणसाचा जास्त होता.

गेल्या रविवारी अब्बा मला शेजारी बसवून वर घेऊन गेले. एका कलमाच्या बुंध्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "याला पाणी कमी पडलंय. कुणी बघितलंच नाही."

अल्हम्दुलिल्लाह, आता बघणारा येतोय.