होडी पाहिली, कागद नाही

आमच्या मिरकरवाड्यात जुनी होडी घेताना माणसे आधी इंजिनाचा आवाज ऐकतात, मग रंग पाहतात. बाबांनीही तेच केले. परवाना जुन्या मालकाच्याच नावावर राहिला. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यानुसार परवान्याशिवाय मासेमारी करता येत नाही. कर्जाचा हप्ता सुरू झाला अन् होडी धक्क्यालाच!

माझे मत असे, की जुनी होडी जून-जुलैच्या बंदीत, किनाऱ्यावर ओढलेली असताना पाहावी. तेव्हाच तळ दिसतो. फायबर ठोकून पाहावे. बद्द आवाज आला तर आत पाणी मुरल्याचा संशय घ्यावा. आणि कागद घरातल्या शिकलेल्याने वाचावेत. बाबांनी मला विचारले नाही. परीक्षेच्या नादात मीही विचारले नाही. घरात पहिला कॉलेजात गेलेला मी. चूक माझीच अधिक.